चित्रपट वाचवायचे तर थंड खोल्या आणि जाणती माणसे इथेच हवीत

ऐतिहासिक मराठी चित्रपटांच्या जतनासाठी निधी आणि कोल्हापुरात स्थानिक यंत्रणा उभारण्याबाबतचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर, जिल्हाधिकारी, कोल्हापूर, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ

महोदय,

आम्ही कोल्हापूर, सांगली आणि सातारा भागातील चित्रपट तंत्रज्ञ, जुन्या चित्रपटगृहांचे ऑपरेटर, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते, संग्राहक, अभ्यासक आणि निर्मात्यांचे वारसदार यांची संघटना आहोत. आमच्यापैकी काहींनी आयुष्यभर फिल्म हाताळली आहे, तर काहींच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या कार्यालयात अजूनही रिळांचे डबे पडून आहेत. हे डबे कोणाकडे सोपवायचे, असे आम्हाला लोक विचारतात. त्यांना देण्याजोगे खात्रीचे उत्तर या जिल्ह्यात आज नाही. ते मिळावे म्हणून हे मागणीपत्र आपल्यापुढे ठेवत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या चित्रपटांसाठी पैसा मंजूर होतो तेव्हा तो बहुधा स्कॅनिंगवर आणि चित्र उजळ करण्यावर खर्च होतो. फिल्म टिकते ती मात्र थंड व कोरड्या खोलीत, आणि तिची नियमित तपासणी करणाऱ्या जाणत्या माणसांच्या हातात. ही खोली आणि ही माणसे फिल्मच्या जवळ असावी लागतात आणि कायमची असावी लागतात. त्यांच्यासाठी दरवर्षी खात्रीने निधी मिळावा, ही आमची मूळ मागणी आहे. पुढच्या सर्व मागण्या तिच्यातूनच निघाल्या आहेत.

१. काय गेले आणि कशामुळे

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाचा इतिहास आपण तिथून मोजतो, पण तो चित्रपट आज पूर्ण पाहता येत नाही. त्याची थोडी रिळे उरली आहेत. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या दादासाहेब तोरणे यांच्या ‘श्री पुंडलिक’ची प्रत उपलब्ध नाही. ‘आलम आरा’ने १९३१ साली भारतीय चित्रपटाला आवाज दिला, त्याचीही प्रत सापडलेली नाही. मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट तयार झाले. त्यांपैकी संपूर्ण उरलेले बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत.

कोल्हापूरचे नुकसान याहून वेगळे नाही. बाबूराव पेंटर यांनी इथे, इथल्याच कारागिरीच्या बळावर स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला आणि देवादिकांच्या कथांमध्ये रमलेल्या पडद्यावर कर्जात बुडालेला शेतकरी आणला. या मूकपटाची प्रत आज आपल्याकडे नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातने १९३२ साली काढला तेव्हा कंपनी कोल्हापुरातच होती. ती पुण्याला गेली १९३३ साली. बाबूरावांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला स्तंभ उभारला आहे आणि दरवर्षी तिथे आदरांजली वाहिली जाते. त्या कॅमेऱ्यातून निघालेल्या आणि त्याच्या परंपरेत घडलेल्या फिल्मसाठी मात्र या शहरात एकही योग्य खोली नाही.

हे चित्रपट गेले त्यामागची कारणे ठाऊक आहेत, आणि त्यांतली बहुतेक टाळता येण्याजोगी होती. साधारण १९५० पर्यंतची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असते आणि एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेचीही गरज लागत नाही. चित्रपटाचा धंदा संपल्यावर निगेटिव्हमधली चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी रिळे विकली गेली. साठवणीचे भाडे भरणे परवडेना म्हणून काही प्रयोगशाळांत बेवारस राहिली, आणि गेल्या काही वर्षांत त्या प्रयोगशाळाच बंद झाल्या. काही चित्रपट निर्मात्याच्या निधनानंतर वारसांच्या वाटणीत हरवले.

आगीने आणि पाण्यानेही आपल्याला वेळोवेळी इशारा दिला आहे. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट भांडाराला आग लागली आणि अनमोल मूळ रिळे नष्ट झाली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट तेवढे वाचले. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. नाट्यगृहाची वास्तू पुन्हा बांधता येते. जळालेली एकमेव निगेटिव्ह पुन्हा मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो.

२. धोका अजून टळलेला नाही

नायट्रेट गेली, आता भीती नाही, असे अनेकांना वाटते. पण तिच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म दुसऱ्या रोगाने मरते. तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते, डबा उघडताच व्हिनेगरसारखा उग्र आंबट वास येतो. फिल्म आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते आणि शेवटी कोणत्याही यंत्रावर चढत नाही. सुटलेले आम्ल हा बिघाड आणखी वाढवते आणि बंद कपाटातल्या शेजारच्या रिळांनाही त्याची लागण होते. २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता राखलेल्या खोलीत ताज्या ॲसिटेट फिल्मला हा रोग लागायला साधारण ४० वर्षे लागतात, असे या विषयातील प्रयोगशाळांचे अनुमान आहे. आपल्याकडच्या पत्र्याच्या छपराखाली, एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या ओलीत हा काळ फार कमी होतो. थंड आणि कोरड्या भांडारात मात्र तीच फिल्म अनेक पिढ्या टिकते.

रंगीत फिल्मचे दुखणे आणखी वेगळे आहे. तिच्यातले रंग वेगवेगळ्या गतीने उडतात. निळसर रंग आधी जातो आणि सारे चित्र लालसर दिसू लागते. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत मराठी चित्रपटांच्या प्रती आज अशा लाल पडत आहेत. पावसाळ्यात फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बुरशी धरते आणि तो थर गेला की चित्रही जाते. पुढच्या काळातल्या चुंबकीय व्हिडिओ टेपची स्थिती तर अधिक तातडीची आहे. टेप चांगली असली तरी ती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. युनेस्कोने आणि ध्वनी व दृकश्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याबाबत जगभर इशारा दिलेला आहे.

याचा अर्थ असा की, निर्णय पाच वर्षे पुढे ढकलला तर तेवढी रिळे कायमची हातची जातील. या विषयात उशिराची भरपाई नंतर जास्त पैसे देऊन करता येत नाही.

३. केंद्राचे काम आणि उरलेली जागा

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तिथे केलेल्या कामाबद्दल आम्हाला अपार कृतज्ञता आहे. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे त्यांनी फाळके कुटुंबापर्यंत जाऊन मिळवले आणि जोडले. ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो तो त्यामुळे. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली. आता हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१५ पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांना बोलावून जतनाच्या कार्यशाळा घेत आली आहे. हे सारे काम वाढावे, अशीच आमची इच्छा आहे.

पण या कामाच्या अनुभवातूनच स्थानिक यंत्रणेची गरज दिसते. नायर घरोघर गेले म्हणून तुकडे मिळाले. ती भेट कोणत्याही कार्यालयीन पत्राने साधली नसती. शेतकऱ्यांच्या वर्गणीतून निघालेल्या ‘मंथन’ची पुनर्स्थापित प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली, याचा सर्वांना आनंद झाला. ते काम चेन्नई आणि इटलीतल्या बोलोन्या येथील प्रयोगशाळांच्या मदतीने झाले. एका गाजलेल्या चित्रपटासाठी असा मार्ग काढता येतो. ज्यांची नावे फक्त जुन्या जाहिरातींत उरली आहेत अशा शेकडो मराठी चित्रपटांना, वृत्तपटांना, सहकारी संस्थांच्या माहितीपटांना आणि घरगुती चित्रणाला हा मार्ग खुला नाही. त्यांचे पहिले रीळ उलगडून पाहणारा माणूस इथेच असायला हवा.

भाषेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या आपण जपतो, कारण त्यांत भाषेचे लिखित रूप आहे. बोलली गेलेली मराठी, तिचा हेल, तिची लय आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीचा ठसका १९३२ पासूनच्या बोलपटांच्या ध्वनिपट्टीवर आहे. तमाशापटांत गायल्या गेलेल्या लावणीची ढब, त्या काळातले वेश, बाजार, रस्ते आणि शेतीची अवजारे याच फिल्मवर आहेत. अभिजात दर्जाच्या नावाने होणाऱ्या खर्चात या फिल्मचा वाटा असलाच पाहिजे.

४. आमच्या मागण्या

मागणी १ : सर्वेक्षण, नोंद आणि प्रथमोपचार

पहिल्या १२ महिन्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील फिल्म व टेप यांचे सर्वेक्षण करावे. बंद चित्रपटगृहे, जुनी वितरण कार्यालये, स्टुडिओ, महाविद्यालये, साखर कारखाने, संस्थानिकांची दफ्तरे, निर्मात्यांची घरे आणि शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा जुना साठा यांचा त्यात समावेश असावा. प्रत्येक रिळाची लांबी, आधारद्रव्य, निगेटिव्ह की प्रत, ध्वनी वेगळा की जोडलेला आणि बिघाडाची पायरी, एवढी नोंद व्हावी. आम्ल किती सुटले हे कागदी चाचणी-पट्टीच्या रंगावरून समजते. तिला खर्च फार येत नाही.

तपासणी करतानाच प्रथमोपचार व्हावेत. गंजलेल्या पत्र्याच्या डब्यातून फिल्म हवेशीर प्लॅस्टिक डब्यात घालणे, लागण झालेली रिळे वेगळी करणे, फाटलेली छिद्रे आणि सुटलेले जोड दुरुस्त करणे, ही कामे भांडार तयार होण्याची वाट न पाहता सुरू करता येतात. नायट्रेट आढळल्यास तिची हाताळणी, वाहतूक आणि स्वतंत्र साठवण स्फोटक व अग्निशमन नियमांनुसार प्रशिक्षित व्यक्तींकडूनच व्हावी.

मागणी २ : कोल्हापुरात थंड व कोरडे फिल्म-भांडार

मोरेवाडी येथील कोल्हापूर चित्रनगरीच्या जागेत प्रादेशिक फिल्म-भांडार उभारावे. ही जागा शासनाच्या ताब्यात आहे, शहराच्या पूरपट्ट्यापासून दूर व उंचावर आहे, आणि चित्रीकरणासाठी तिथे वर्दळ असतेच. भांडाराच्या रचनेत पुढील बाबी बंधनकारक असाव्यात.

• काळ्यापांढऱ्या आणि रंगीत फिल्मसाठी स्वतंत्र कक्ष. रंगीत फिल्मच्या कक्षाचे तापमान ५ अंशांच्या आत आणि सर्व कक्षांची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ४० टक्के राखली जावी.
• लागण झालेल्या रिळांसाठी वेगळी हवा असलेला कक्ष.
• थंड कक्षातून बाहेर आणलेल्या फिल्मवर दव धरू नये म्हणून मधला कक्ष.
• पाण्याऐवजी वायूवर चालणारी अग्निशमन व्यवस्था, दुहेरी वीजजोडणी, जनित्र आणि सौरऊर्जा.
• तापमान व आर्द्रतेची अखंड नोंद, आणि ती नोंद दर महिन्याला प्रसिद्ध करणे.

भांडाराच्या बांधकामाइतकीच त्याच्या वीजबिलाची तरतूद महत्त्वाची आहे. वातानुकूलन दोन महिने बंद पडलेल्या कोंदट खोलीत फिल्म ठेवणे उघड्या माळ्यावर ठेवण्यापेक्षा वाईट ठरू शकते. म्हणून पुढील २० वर्षांचा चालू खर्च गृहीत धरल्याशिवाय बांधकामाला मंजुरी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरातली मूळ फिल्म आणि पुण्यातली तिची प्रत, किंवा याउलट, अशी देवाणघेवाण दोन्ही संस्थांनी करारपूर्वक करावी. एकाच छपराखाली सारे ठेवण्याचा परिणाम आपण २००३ साली पाहिला आहे.

मागणी ३ : माणसे घडवणे आणि त्यांना कायमचे पद देणे

फिल्मचे जतन हा हाताचा धंदा आहे. रीळ किती ताणले की तुटेल, जोड कुठे उघडेल, ध्वनीची पट्टी कोणत्या पद्धतीची आहे, ही निगेटिव्ह मूळ आहे की दुसऱ्या पिढीची, हे वाचून पुरते कळत नाही. हे ज्ञान आज निवृत्त निगेटिव्ह कटर, प्रयोगशाळेतले टायमर, ध्वनिमुद्रक आणि चित्रपटगृहांचे ऑपरेटर यांच्याकडे आहे. प्रिंटची पेटी एसटीने आली की रात्रीच्या खेळाआधी प्रत्येक जोड बोटांनी तपासणारी ही पिढी आता थकली आहे. तिच्यापाशी बसून शिकण्यासाठी फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून आमची मागणी अशी :

• शिवाजी विद्यापीठ, पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी मिळून एक वर्षाचा चित्रपट-जतन पदविका अभ्यासक्रम मराठीतून सुरू करावा. त्याचा निम्म्याहून अधिक वेळ प्रत्यक्ष कामाचा असावा.
• कोल्हापूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रोजेक्टर, टेप यंत्रे आणि स्कॅनर यांच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम असावा. यंत्रशाळा आणि ओतकाम हा या शहराचा जुना व्यवसाय आहे. मिळेनासे झालेले दातेरी चाक किंवा रूळ इथे घडवता येतो.
• निवृत्त तंत्रज्ञांना मानधनावर शिक्षक म्हणून नेमावे. त्यांना पदवीची अट लावू नये. त्यांचे काम आणि कथन चित्रित करून ठेवावे.
• प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळावे आणि किमान निम्म्या जागा मुलींसाठी असाव्यात.
• भांडारात किमान १२ कायम पदे निर्माण करावीत : जतनतज्ज्ञ, तपासनीस, नोंदणीकार, स्कॅनिंग तंत्रज्ञ, ध्वनितज्ज्ञ, डिजिटल साठ्याचा तंत्रज्ञ आणि यंत्रदुरुस्ती कारागीर. ११ महिन्यांच्या कंत्राटावर हे काम चालत नाही, कारण माणूस रिळे ओळखू लागतो तोच त्याचा करार संपतो.

मागणी ४ : स्कॅनिंग आणि पुनर्स्थापना, ठरलेल्या नियमांनी

स्कॅनिंगला आमचा पाठिंबा आहे. ते कशाचे आधी, कसे आणि कोणत्या साठवणीसह व्हावे, याचे नियम मात्र हवेत. दोन तासांच्या चित्रपटात सुमारे १,७२,८०० चौकटी असतात. ४के प्रतीचे असंकुचित स्कॅन केले तर एका चौकटीला सुमारे ५० मेगाबाइट, म्हणजे एका चित्रपटाला आठ ते नऊ टेराबाइट जागा लागते. ती साठवणाऱ्या चुंबकीय डेटा टेपच्या पिढ्या दर काही वर्षांनी बदलतात आणि नवे यंत्र फार जुन्या टेप वाचत नाही. म्हणजे डिजिटल प्रतीचीही ठरावीक काळाने नवी प्रत काढावी लागते. त्या खर्चाची सोय नसेल तर आज केलेले स्कॅन १५ वर्षांनी उघडणार नाही.

त्यासाठी पुढील नियम असावेत. स्कॅन झाल्यावर मूळ फिल्म कोणत्याही परिस्थितीत नष्ट करू नये. डिजिटल साठ्याच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या शहरात असावी. प्राधान्य चित्रपटाच्या प्रसिद्धीवरून ठरू नये. बिघाड किती पुढे गेला आहे आणि दुसरी प्रत कुठे आहे का, यावरून ठरावे. पुनर्स्थापनेत चित्राची मूळ चौकट, कृष्णधवलता, गती आणि ध्वनी यांत बदल करू नये. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी. पहिल्या टप्प्यात एक चांगला स्कॅनर, एक फिल्म-धुलाई यंत्र आणि एक ध्वनी-वाचक एवढी सामग्री पुरेशी आहे. मोठ्या पुनर्स्थापनेची कामे तोवर पुणे, मुंबई आणि चेन्नईच्या प्रयोगशाळांकडे देता येतील.

मागणी ५ : अनुदान घेतलेल्या चित्रपटाची प्रत जमा करणे

पुस्तके ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा देशात १९५४ पासून आहे. चित्रपटांसाठी तशी सर्वसाधारण सक्ती नाही. केंद्राने असा कायदा करावा, यासाठी राज्याने विधिमंडळाचा ठराव पाठवावा. तोवर आपल्या हातातली गोष्ट करावी : राज्य शासनाचे अनुदान किंवा पुरस्कार स्वीकारणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाची असंकुचित, कुलूप नसलेली डिजिटल प्रत, वेगळे ध्वनिपट, उपशीर्षके, संहिता आणि जाहिरातसाहित्य भांडारात जमा झाल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये. चित्रपटगृहासाठी पाठवली जाणारी कुलूपबंद प्रत जतनासाठी उपयोगाची नसते, हे नियमात स्पष्ट लिहावे. आजचा चित्रपट २५ वर्षांनी ऐतिहासिक होणार आहे, आणि निर्मात्याच्या एका हार्ड डिस्कवर त्याचे भवितव्य सोडणे परवडणारे नाही.

मागणी ६ : संग्राहक आणि वारसदार यांना संरक्षण

आपल्याकडची फिल्म दाखवली तर मालकीचा वाद निघेल, या भीतीने अनेक जण गप्प बसतात आणि रिळे तशीच कुजतात. स्वेच्छेने फिल्म जमा करणाऱ्याला पावती मिळावी, त्याच्याकडे ती कशी आली याची चौकशी होऊ नये, मालकी व हक्क जसेच्या तसे राहतील असा छापील करार असावा आणि त्याला चांगली डिजिटल प्रत विनामूल्य द्यावी. हक्कदार सापडत नसलेल्या चित्रपटांसाठी जाहीर सूचना देऊन जतनाचे काम सुरू करण्याची पद्धत ठरवावी. जतन आणि व्यापारी प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना समजावून सांगितले तर कितीतरी डबे बाहेर येतील, असा आमचा अनुभव आहे.

मागणी ७ : स्वतंत्र, न बुडणारा निधी

पहिल्या पाच वर्षांसाठी ५० कोटी रुपयांचा ‘मराठी चित्रपट वारसा निधी’ स्थापन करावा. आमच्या अंदाजाची विभागणी अशी : भांडार व त्याची यंत्रणा १६ कोटी, माणसे आणि प्रशिक्षण १२ कोटी, स्कॅनिंग, पुनर्स्थापना व डिजिटल साठा ११ कोटी, सर्वेक्षण व प्रथमोपचार ६ कोटी, वीज, देखभाल व डिजिटल प्रतींचे नूतनीकरण ३ कोटी, प्रदर्शन आणि लोकशिक्षण २ कोटी. शासनाच्या अभियंत्यांनी व लेखा विभागाने हा अंदाज तपासावा आणि आवश्यक ते बदल करावेत. परंतु दोन तत्त्वे बदलू नयेत. पहिले, साठवण आणि माणसे यांवर मिळून निम्म्याहून कमी खर्च होऊ नये. दुसरे, वर्षअखेरीस उरलेला पैसा परत जाऊ नये. मार्चमध्ये घाईने यंत्रे खरेदी करायची आणि जूनमध्ये ती चालवायला माणूस नाही, ही स्थिती या कामाला मारक आहे.

पाच वर्षांनंतरच्या चालू खर्चासाठी गोरेगाव आणि कोल्हापूर येथील चित्रनगरींच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या निधीत यावा. जिल्हा वार्षिक योजनेतून सर्वेक्षणाला मदत व्हावी. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे जतन हा सामाजिक दायित्व निधीचा मान्य विषय आहे. इथल्या कारखानदारीला आणि सहकारी क्षेत्राला शासनाने त्यासाठी आवाहन करावे.

मागणी ८ : लोकांना पाहायला मिळावेत

भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे असतो. त्यानुसार १९६४ अखेर प्रदर्शित झालेल्या चित्रपटांवरील हा हक्क २०२५ च्या आरंभी संपला. कथा आणि गीत-संगीताचे वेगळे हक्क तपासून यांतले चित्रपट शाळा, ग्रंथालये, फिल्म सोसायट्या आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळे यांना नाममात्र शुल्कात उपलब्ध करावेत. भांडाराचा उपयोग शेजारच्या राज्यांनाही व्हावा. गोव्यातील कोकणी चित्रपटांचा इतिहास १९५० साली ‘मोगाचो आंवडो’पासून सुरू होतो; गोवा शासनाची इच्छा असल्यास तिथल्या फिल्मच्या तपासणीसाठी हे भांडार उपलब्ध असावे.

मागणी ९ : देखरेख

निधीच्या नियामक समितीत जतनतज्ज्ञ, तंत्रज्ञ, निर्माते, संग्राहक आणि अभ्यासक यांचे बहुमत असावे. किती रिळे तपासली, किती वाचवली, किती गमावली आणि किती खर्च झाला, याचा अहवाल दरवर्षी २७ ऑक्टोबर रोजी, जागतिक दृकश्राव्य वारसा दिनी, प्रसिद्ध करावा.

५. अपेक्षित आक्षेपांविषयी

पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय असताना कोल्हापूरला वेगळे भांडार कशाला, असे विचारले जाईल. देशातल्या सर्व भाषांचा भार वाहणाऱ्या संस्थेकडून प्रत्येक तालुक्यातल्या माळ्यापर्यंत पोहोचण्याची अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. आम्ही मागत आहोत ती पुण्याची पूरक शाखा; जिथे फिल्म सापडेल, तपासली जाईल, स्थिर होईल आणि तिची दुसरी प्रत सुरक्षित राहील.

शेती, आरोग्य आणि शिक्षण यांची गरज मोठी असताना चित्रपटांवर खर्च का, असाही प्रश्न येईल. त्या गरजा आमच्याही घरच्या आहेत. पण इथे मागितलेली रक्कम पाच वर्षांत विभागली तर वर्षाला १० कोटी होते. तिच्यातून कुशल रोजगार, विद्यापीठासाठी नवे क्षेत्र आणि शेजारच्या राज्यांनाही देता येईल अशी सेवा उभी राहते. ‘सावकारी पाश’सारखा चित्रपट आज हाती असता तर शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण कसे दाखवले गेले, हे आपल्याला डोळ्यांनी पाहता आले असते. शेतीचा विचार करणाऱ्या समाजालाही अशा दस्तऐवजाची गरज असते.

६. आमची तयारी आणि कालमर्यादा

संघटना म्हणून आम्ही पुढील जबाबदारी लेखी स्वीकारत आहोत. सर्वेक्षणासाठी आमचे सभासद विनामूल्य वेळ देतील. जुन्या तंत्रज्ञांची यादी आणि त्यांच्याशी संपर्क आम्ही करून देऊ. आमच्या सभासदांकडील फिल्म भांडाराच्या पहिल्या नोंदवहीत दाखल करू. अभ्यासक्रमासाठी मराठी पाठ्यसाहित्य तयार करण्यात सहभागी होऊ.

शासनाकडून आमची अपेक्षा अशी आहे : ३० दिवसांत या मागणीपत्रावर सांस्कृतिक कार्य विभागाने आमच्यासह बैठक घ्यावी, ९० दिवसांत सर्वेक्षणाचा शासन निर्णय निघावा, येत्या अर्थसंकल्पात निधीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि दोन वर्षांच्या आत भांडाराचा पहिला कक्ष सुरू व्हावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. त्या मुदतीत न झाल्यास आम्ही लोकप्रतिनिधींच्या भेटी घेऊ, कोल्हापुरात नागरिकांची जाहीर परिषद भरवू आणि विधिमंडळापुढे याचिका मांडू.

या राज्याने देशाला चित्रपट दिला. तो सांभाळण्याची व्यवस्था उभी करणे हे या राज्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी लागणारी जागा, कारागिरी आणि शिकायला तयार असलेली मुले कोल्हापुरात आहेत. आपण निर्णय घ्यावा, काम आम्ही आपल्याबरोबर करू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद
कोल्हापूर